पेजेतली कॉफी

वडिलांच्या पेजेत कॉफीचा अर्क घालायचा, असं नंदू परबने ठरवलं तेव्हा सकाळचे पावणेआठ वाजले होते आणि बायको घरात नव्हती. यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची. लग्न, मुलुंडचा फ्लॅट, मुलीचं पुण्याचं कॉलेज असे मोठमोठे निर्णय नंदूने आयुष्यात घेतले होते (म्हणजे नलिनीने घेतले होते आणि नंदूने 'बरं' म्हटलं होतं), पण कुणालाही न विचारता, स्वतःच्या डोक्याने घेतलेला निर्णय हा पहिलाच. पुढे जे झालं ते बघता घरच्यांनी तो शेवटचाही ठरवून टाकला.

पण वेळच तशी आली होती. चार महिन्यांपूर्वी नंदूची आई, मथुराबाई, गेली. दुपारची भांडी घासून झाली, तिने पदराला हात पुसले, "जरा पडते" म्हणाली आणि पडली ती उठलीच नाही. तिचं सगळं रीतसर झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि मग हळूहळू लक्षात आलं की बाबा जेवत नाहीत.

रामचंद्र परब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन. बावन्न वर्षं ते एकाच बाईच्या समोर बसून जेवले होते. ती वाढायची, ते खायचे, ती म्हणायची "अजून थोडा घेवा", ते म्हणायचे "नको" आणि घ्यायचे. आता त्यातलं 'नको' तेवढं उरलं होतं. रुसवा नाही, रडणं नाही, चिडचिड नाही. शेजाऱ्याचं कुरियर चुकून आपल्याकडे यावं तसे ते समोरच्या ताटाकडे बघायचे आणि हाताने अलगद बाजूला सारायचे.

"माका नको."

नलिनीने काय काय करून घातलं. घावणे, शिरवाळे, कुळथाची पिठी. नंदूची बहीण शीतल घाटकोपरहून दर रविवारी डबा घेऊन यायची, आणि भरलेला डबा व भरलेले डोळे घेऊन परत जायची. बाबांचं वजन एकसष्टवरून अठ्ठेचाळीसवर आलं. लेंग्याची नाडी कमरेला दोनदा फिरवून बांधावी लागायला लागली.

"अजून दोन किलो कमी झाले तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल," डॉक्टरांनी सांगितलं.

परत येताना रिक्षात बाबांनी विचारलं, "नळीतून चव लागता?"

"नाही, बाबा. सरळ पोटात जातं."

"बरा," बाबा म्हणाले आणि बाहेर बघत राहिले.

त्या 'बरा'मुळे नंदूला दुपारचं जेवण गेलं नाही (संध्याकाळचं गेलं, जरा जास्तच गेलं). हा माणूस सुटकेची वाट बघतोय, हे त्याला रिक्षातच कळलं होतं. फक्त कळल्यावर काय करायचं असतं, ते कळलं नव्हतं.

नंदू मुलुंडच्याच एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एसेन्स बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅच क्लार्क होता. कंपनी छोटी, पण तिच्यातून बाहेर पडणारा कॉफीचा वास मोठा. बिस्किटं, आइस्क्रीम, केक, प्रोटीनची पावडर, एवढंच कशाला, तोंडाला फासायचा स्क्रब, शाम्पू आणि अगरबत्ती, जिथे जिथे लोकांना कॉफी हवीशी वाटे तिथे तिथे या कंपनीचे ड्रम जात. बावीस वर्षांत तो वास नंदूच्या शर्टात, केसांत आणि पाकिटात मुरला होता. परबांच्या घरी कॉफी कुणीच पीत नसे. नवरा रोज संध्याकाळी घरी येतो तेवढी पुरे, असं नलिनीचं म्हणणं होतं.

या कंपनीच्या लॅबमध्ये चंद्रप्रकाश नावाचे गृहस्थ होते. चवीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. एक दिवस डबा खाताना ते म्हणाले, "नंदूभाऊ, कॉफी काय फक्त कॉफी लागावी म्हणून घालतात? चॉकलेटच्या केकमध्ये जरा टाका. खाणाऱ्याला कॉफी कळत नाही, पण चॉकलेट जास्त चॉकलेट लागतं. मटणाच्या मसाल्यात टाका, मसाला उठतो. कडू चव जिभेला जागं करते, समझे ना?"

नंदू जे समजायचं ते समजला. चॉकलेट जास्त चॉकलेट लागतं, तर पेज जास्त पेज लागेल. त्या संध्याकाळी निघताना त्याने लॅबमधली सॅम्पलची एक तपकिरी बाटली पँटच्या खिशात टाकली. आत अस्सल कॉफीचा काळाकुट्ट अर्क होता, मधासारखा दाट. त्यातला एक चमचा डझनभर केकना पुरे.

नलिनी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. सकाळची शाळा असल्यामुळे ती साडेसहालाच बाहेर पडे आणि बाबांची पेज गरम करून देणं हे नंदूचं काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, बाटली काढली आणि वाटीवर तिरकी केली. दोन थेंब टाकायचे होते. बाटली जास्त कलली आणि सात-आठ पडले. त्याने चमच्याने घाईघाईने ढवळलं, बाटली परत खिशात घातली आणि चेहरा शक्य तेवढा साधा करून बाहेर आला.

वासाची भीती नव्हती. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने आणि पन्नास वर्षांच्या तपकिरीने बाबांचं नाक केव्हाच निकामी केलं होतं. जीभ तेवढी शाबूत होती.

पहिला घोट तोंडात गेला आणि बाबा थांबले. त्यांनी वाटीकडे बघितलं. मग नंदूकडे बघितलं, आणि बघतच राहिले.

"कडू आसा," ते म्हणाले.

"नवीन तांदूळ आहे," नंदू म्हणाला. (खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने एकदम तांदळावर ढकलू नये, पण त्याला सुचलं ते हेच.)

बाबा आणखी थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग "बरा" म्हणाले आणि वाटीभर पेज एका दमात प्यायले. शेवटी वाटी बोटाने पुसून घेतली.

नंदू बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून रडला. मग ऑफिसला उशीर झाला म्हणून रडणं अर्ध्यावर टाकून निघाला.

तिथून गोष्ट वाढत गेली. नलिनी सकाळीच स्वयंपाक करून जायची आणि बाबांचा दुपारचा डबा वेगळा काढून ठेवायची. नंदू निघण्यापूर्वी डब्यातल्या आमटीत अर्क घालू लागला. मग भाजीत. रविवारी शिऱ्यात. पंधरा दिवसांत त्याची मजल बांगड्याच्या तिखल्यापर्यंत गेली. मालवणी माणसाने बांगड्याच्या तिखल्यात कॉफी घालणं म्हणजे काय, हे तो जाणून होता. घालताना त्याने मनातल्या मनात आईची माफी मागितली.

बाबा सगळं खात होते. ताटात काही कडू नसलं तर मात्र पूर्वीसारखे दोन घास खाऊन नंदूकडे बघायचे, जणू काही राहिलंय. मग नंदू "जरा गरम करून आणतो" म्हणून ताट आत न्यायचा. गरम करून आणलेलं ताट ते संपवायचे.

एका संध्याकाळी नलिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात उभी राहून नाक वर करून हुंगू लागली.

"अहो, तिखल्याला कॉफीचा वास येतोय."

"माझ्या शर्टाला येतोय तो."

"तुम्ही शर्ट काढून बसलायत."

"मग बनियनला येत असेल."

दुसऱ्या दिवशी नलिनीने त्याचे सगळे बनियन सोड्यात भिजत घातले.

महिन्याभरात बाबांचं वजन अडीच किलो वाढलं. डॉक्टर म्हणाले, "व्हेरी गुड, काय केलंत?" नंदूने नम्रपणे मान खाली घातली. सांगावंसं फार वाटत होतं, पण शेजारी नलिनी उभी होती. नळीचा विषय मागे पडला. शीतलचा डबा रिकामा परत जायला लागला. आयुष्यात प्रथमच नंदूला आपण एखादं काम यशस्वी केल्यासारखं वाटत होतं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

बाबाही बदलले. नंदूशी ते इतक्या मायेने वागू लागले की त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. नंदू दहावी पास झाला तेव्हा ते "गुण कमी पडले" एवढंच म्हणाले होते. आता पेज घेऊन आला की पाठीवरून हात फिरवायचे.

"तुका त्रास होता मा रे?" त्यांनी एका सकाळी वाटी हातात घेऊन विचारलं.

"त्रास कसला, बाबा."

"होतच असतलो. आपल्या बापाचा करूचा म्हणजे सोप्पा नाय." त्यांनी आवाज खाली आणला. "कोणाक बोललंस?"

"नाही. नलिनीलासुद्धा नाही."

"बोलू नको. बायकांक समजूचा नाय."

म्हणजे बाबांनी ओळखलं, नंदूला वाटलं, आणि तरी मजेत खातायत. त्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी आमटीत त्याने अर्धा चमचा घातला.

आता अर्धा चमचा आमटीत, पेजेत वेगळा, संध्याकाळच्या कालवणात वेगळा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, जन्मभर कॉफीला न शिवलेल्या माणसाच्या अंगात एवढा अर्क गेला की काय होतं? झोप उडते. हात थरथरतात. छातीत धडधडतं. बाबांना हे सगळं होत होतं आणि ते कुणापाशी तक्रार करत नव्हते. उलट समाधानी दिसायचे. पहाटे नलिनी उठायची तेव्हा आंघोळ करून, पांढरा लेंगा घालून खुर्चीत ताठ बसलेले असायचे.

"तरतरी आलीय त्यांना," नंदू म्हणायचा.

तरतरीत बाबांनी कपाट आवरलं. मथुराबाईंच्या साड्या नीट घड्या घालून शीतलच्या नावाने पिशवीत भरल्या. आपलं मनगटी घड्याळ शेजारच्या द्रौपदीकाकूंच्या नातवाला देऊन टाकलं. गॅसचं पुस्तक कुठे, गावच्या घराची किल्ली कुणाकडे, हे नलिनीला बसवून समजावलं. एका रविवारी शीतलला घेऊन बाल्कनीत बराच वेळ बोलत बसले. शीतल बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा विचित्र झाला होता. नंदूशी न बोलताच ती गेली. ताईबाई कसल्या तरी रागात आहेत, असं म्हणून नंदूने तो विषय सोडून दिला. (शीतल त्याच्याहून सहा वर्षांनी लहान होती, पण रागावली की तो तिला ताईबाई म्हणायचा.)

सोमवारी संध्याकाळी नलिनी बाबांच्या उशीचा अभ्रा बदलत होती. आत एक कागद होता. तिने तो वाचला, नंदूला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि कागद त्याच्या हातात दिला. बाबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

'माझ्या मृत्यूस कोणासही जबाबदार धरू नये. विशेषतः माझा मुलगा नंदकुमार यास. रामचंद्र भिकाजी परब.'

'विशेषतः'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

नंदू ओट्याला टेकला.

"बाबा जीव देणार आहेत," नलिनी हळू आवाजात म्हणाली. "साड्या वाटल्या, घड्याळ दिलं, किल्ल्या दिल्या. मला आधीच कळायला हवं होतं."

"पण जेवतायत की चांगले. जीव द्यायचाय तो माणूस बांगडा मागून घेईल?"

"ते मला माहीत नाही. आणि हे 'विशेषतः' कशाला? तुम्ही काही बोललात का त्यांना?"

"मी काय बोलणार? मी फक्त पेज देतो."

त्या दिवसापासून घरात पहारा सुरू झाला. नलिनीने सुऱ्या आणि विळी धान्याच्या डब्यात लपवल्या, बाल्कनीच्या ग्रिलला कुलूप लावलं, फिनेलची बाटली द्रौपदीकाकूंकडे नेऊन ठेवली. शाळेतून दर तासाला फोन करू लागली. बाबा एवढंच म्हणाले, "ह्या घरात सुरी खय गेली? आंबो कापूचो कसो?" त्यावर नलिनी बेडरूममध्ये जाऊन रडली.

नंदूने चंद्रप्रकाशांना गाठलं. नाव न घेता, एका मित्राच्या वडिलांचं म्हणून, मन उदास झाल्याचं सांगितलं.

"कॉफी द्या," चंद्रप्रकाश म्हणाले. "मूड उठतो. सगळी दुनिया त्यासाठीच तर पिते."

नंदूने मात्रा दुप्पट केली.

पुढच्या रविवारी शीतल आली होती. सगळे दुपारी जेवायला बसले. बाबांनी पहिला भात संपवला, आमटी ओरपली, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. हात छातीवर गेला. ओठ पांढरे पडले होते, पण ते हसत होते.

"आता इला," ते म्हणाले. मग खरकट्या हाताने त्यांनी नंदूचा हात धरला. "उपकार झाले, झिला."

आणि बाजूला कलंडले.

रिक्षात नंदू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. हॉस्पिटल येईपर्यंत तो फक्त "बाबा, बाबा" म्हणत होता. त्याला दुसरा शब्द आठवत नव्हता. पाच महिन्यांपूर्वी आईच्या उशाशी बसूनही त्याला हाच एक शब्द आठवला होता, फक्त तो 'आई' होता.

बाबांना आत घेतलं. छातीला वायरी लावल्या. नाडी एकशे बेचाळीस. शर्मिष्ठा नावाच्या तरुण डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी तिघांना विचारलं, "हार्ट अटॅक दिसत नाही, पण ठोके फारच वाढलेत. काही नवीन गोळ्या सुरू केल्या का? खाण्यात काही वेगळं?"

"काहीच नाही," नलिनी म्हणाली. "घरचं जेवण."

शीतल इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "दादा, तूच सांग."

"मी काय सांगू?"

"बाबा मागे मला म्हणाले, नंदू माझ्यासाठी करतोय ते माझ्या मर्जीनं करतोय, उद्या काही झालं तर त्याला बोलू नको. मला वाटलं नळी लावायची नाही वगैरे तुमचं ठरलंय. आज तू जेवणाआधी स्वयंपाकघरात गेलास, तेव्हा मी पाणी घ्यायला आले होते. तुझ्या हातात बाटली होती. खिशात टाकलीस. दादा, काय घालतोस तू बाबांच्या जेवणात?"

नलिनी वळून नवऱ्याकडे बघू लागली. वीस वर्षं ज्या माणसाला गादीवरची चादर नीट घालता आली नाही, तो खुनी असेल का, हा विचार तिच्या डोळ्यांतून सरकताना नंदूला स्पष्ट दिसला.

"कॉफी," नंदू म्हणाला.

"काय?" डॉक्टरांनी विचारलं.

नंदूने खिशातून बाटली काढून पुढे केली. लॅबच्या बाटलीवर लाल चिठ्ठी होती आणि तिच्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की हा माल तसाच खाऊ नये.

"कॉफीचा अर्क आहे. चवीसाठी. ते जेवत नव्हते म्हणून."

"कशात घालत होता?"

"पेजेत. आमटीत. भाजीत." नंदू थांबला. "तिखल्यात."

"बांगड्याच्या?" नलिनीने विचारलं.

नंदूने मान हलवली. नलिनी बाकावर बसली. नवरा खुनी नाही याचा तिला आनंद झाला असणार, पण तो तिच्या चेहऱ्यावर यायला बराच वेळ लागला.

"किती दिवस?" डॉक्टर.

"सव्वा महिना."

डॉक्टरांनी बाटली प्रकाशाकडे धरली, चिठ्ठी वाचली आणि नंदूकडे असं बघितलं की बाबांची वायर काढून याला लावावी की काय. औषधं सुरू झाली. मात्र अन्नातून कुणाला न कळवता काहीतरी दिलं गेलं होतं, त्यामुळे नियमाप्रमाणे पोलिसांना कळवावं लागेल, असंही त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना वॉर्डमध्ये आणलं. ठोके खाली आले होते. नलिनी आणि शीतल चहा प्यायला खाली गेल्या आणि बाप-लेक दोघेच उरले. बाबांनी डोळे उघडले, वरचा पंखा बघितला, नंदूला बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"हयसर पण तूच?" ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही हॉस्पिटलात आहात. बरे आहात."

"कसो काय?"

नंदूने सगळं सांगितलं. चंद्रप्रकाश, चॉकलेट, पेज, बाटली. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"म्हणजे ती कॉफी," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"पहिल्याच दिवशी तुका बघितलंय मी. दाराच्या फटीतून. इकडे तिकडे बघून खिशातून बाटली काढलंस. लाल चिठ्ठी दिसली. कारखान्यात अ‍ॅसिडच्या बाटलीक असता तसली. म्हटलंय, पोराक कळला. न सांगता कळला."

"तुम्हाला वाटलं मी तुम्हाला विष घालेन?"

"वाटला म्हणजे," बाबा म्हणाले, "बरा वाटला."

वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी खोकत होतं. नंदूने चादरीचं टोक उगाचच सरळ केलं.

"रागावू नको," बाबा म्हणाले. "ती गेली. मी ताटावर बसतंय, समोर कोण नाय. घास फिरता तोंडात. रोज सकाळी वाटता, अजून आसंयच मी. तुझी पेज इली, म्हटलंय चला, महिनाभराची गोष्ट. मग गिळूक जमला. जावच्या घाईत माणूस गिळता कायपण."

"आम्हाला तुम्ही हवे आहात, बाबा."

"कित्याक?"

अशा वेळी बोलायला चांगली वाक्यं असतात, हे नंदूला माहीत होतं. त्यातलं एकही आलं नाही.

"सकाळी पावणेआठला," तो म्हणाला, "मी पेज गरम करतो. नलिनी गेलेली असते. घरात आपण दोघंच. तुम्ही नसलात तर मी पावणेआठला काय करू?"

बाबांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. नंदूचं नाक वाहत होतं आणि रुमाल नलिनीच्या पिशवीत राहिला होता. त्याने शर्टाच्या बाहीला पुसलं. बाही नेहमीसारखी कॉफीने घमघमत होती.

"कडू होती रे पेज," बाबा म्हणाले. "अगदीच वाईट."

"मग सांगायचं ना."

"मरूचा म्हणून पियालंय. आता जगूचा असला, तर असली पेज मी पिऊचंय नाय."

नंदूने दोन वेळा मान हलवली. बोलायला गेला असता तर वॉर्डभर ऐकू गेलं असतं.

दुपारी बाराच्या सुमाराला जबाब घ्यायला हवालदार आले. कोळी नावाचे, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्याच वेळी हॉस्पिटलचा जेवणाचा ट्रे आला होता. बाबा उशीला टेकून बसले होते आणि खिचडीत मीठ नाही म्हणून कुरकुरत खात होते. नलिनी आणि शीतल एका बाजूला उभ्या, नंदू पायथ्याशी.

"काका, मुलाने तुम्हाला जेवणातून काही दिलं?" हवालदारांनी विचारलं.

"दिला."

"काय?"

"कॉफी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कायतरी घालता ता माहीत होता. मी समजून खाल्लंय."

"काय समजून?"

"विष समजून."

हवालदारांचं पेन थांबलं. त्यांनी नंदूकडे बघितलं, मग नलिनीकडे, मग पुन्हा बाबांकडे.

"म्हणजे तुम्ही विष समजून खाल्लं, आणि ती निघाली कॉफी."

"होय."

"मुलाचा तुम्हाला मारायचा इरादा नव्हता."

"नव्हता. त्याका जमूचा पण नाय." बाबांनी खिचडीचा आणखी एक चमचा तोंडात घातला. "ह्या खिचडीत मीठ नाय. कोण करता हयसर?"

"काका, मुलाविरुद्ध तुमची काही तक्रार आहे का? नसेल तर तसं लिहितो आणि विषय संपवतो."

"आसा," बाबा म्हणाले.

शीतलने नलिनीचा दंड धरला. चमचा ट्रेमध्ये ठेवून, तोंड पुसून, बाबा हवालदारांना लिहून घेता येईल अशा बेताने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "लिवा. मुलगा अठ्ठेचाळीस वर्षांचो झालो. ह्याच्याच्यान एक काम धड होणा नाय."

हवालदारांनी थोडा विचार केला. "काका, याला कलम नाही."

"तरी लिवा."

हवालदारांनी लिहिलं. बाबांनी पुन्हा चमचा उचलला आणि उरलेली खिचडी संपवली. मग "अजून थोडी मिळतली काय?" असं विचारलं. हे ऐकून शीतल खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि नलिनी ट्रे घेऊन जवळजवळ धावत गेली. पण जाता जाता परत आली, कारण जबाबाखाली साक्षीदार म्हणून दोघांच्या सह्या हव्या होत्या. तिने मजकूर वाचला आणि लगेच सही केली.

शीतल रडत होती, म्हणून दुसरी सही नंदूने केली. ती त्याने आरोपीच्या रकान्यात केली, त्यामुळे हवालदारांना सगळा जबाब पहिल्यापासून पुन्हा लिहून काढावा लागला.